फ्रिजवाला आणि माझा आतला आवाज

ऑफिसात सगळ्यांची व्यक्तिमत्त्व-चाचणी झाली आणि मी ‘अंतर्ज्ञानी’ निघालो. (साहेब काय निघाले ते त्यांनी दडवलं. मला तेव्हापासून त्यांचा संशय येतो.) ट्रेनरबाई म्हणाल्या, “आतला आवाज ऐका, पण अनुभवाशी ताडून बघा.” पहिला अर्धा भाग मी मन लावून ऐकला, दुसऱ्याच्या वेळी चहा आला.

घरी आल्या आल्या बायकोला सांगितलं, “मी अंतर्ज्ञानावर चालतो. तू अनुभवावर.”

“घर कुणीतरी चालवायला हवंच ना,” ती म्हणाली.

रविवारी ती भाजी आणायला गेली आणि फ्रिज दुरुस्त करणारा आला. माझ्या आत घंटाच वाजली. माणूस बोलेना, नजरेला नजर देईना, आणि बॅग एवढी मोठी, की आमचा अख्खा संसार मावावा! “गॅलरीतली वायर बघतो,” असं पुटपुटत तो गॅलरीत गेला. मी आतून कडी घातली.

तेवढ्यात पुन्हा बेल. दारात एक हसतमुख गृहस्थ. “सोसायटीकडून आलोय, नळ तपासायला.” काय ती अदब! आतला आवाज म्हणाला, देवमाणूस आहे. मी त्याला चोर पकडल्याचं सांगितलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“तुम्ही गॅलरीपाशी पहारा द्या, साहेब. बाकीचं घर मी बघतो.”

आणि त्याने ते नीट बघितलं.

बायको आली तेव्हा दार सताड उघडं होतं. “अहो, गॅलरीत कोण ओरडतंय?”

“चोर! डोळ्यांत बघतच नाही.”

“तो फ्रिजमध्ये बघायला आलाय, तुमच्या डोळ्यांत कशाला बघेल? मीच बोलावलंय त्याला. वर्षानुवर्षं तोच येतो!”

“पण ते नळवाले...”

“नळवाला? हातात पान्हा होता?”

“हसू होतं,” मी म्हणालो.

लॅपटॉप, तिचं घड्याळ आणि माझे नवे बूट गेले होते. कडी काढल्यावर फ्रिजवाल्याने मात्र प्रथमच माझ्याकडे डोळे भरून बघितलं.

पोलीस चौकीतून परतताना बायको म्हणाली, “यापुढे जो माणूस तुम्हाला बघताक्षणी आवडेल, त्याला दाराबाहेरच ठेवायचं.”

मी दुखावलो. “तुलाही मी बघताक्षणीच पसंत केलं होतं!”

“त्याआधी बाबांनी तुम्हाला पसंत केलं होतं,” ती सुस्कारा टाकत म्हणाली. “बघताक्षणी. तुम्ही फार गोड हसत होतात म्हणे.”