आमच्या आदर्श घराचा कचरा

हात मी पंख्यासाठी वर केला होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर कुणी विश्वास ठेवत नाही.

शाळेत पालकसभा होती. लेकीच्या शाळेने समुद्रापलीकडच्या एका शाळेशी देवाणघेवाणीचा कार्यक्रम ठरवला होता. विषय, शाश्वत जीवन आणि अर्थव्यवस्था. (आमच्या घरात शाश्वत म्हणावी अशी एकच गोष्ट आहे, बाथरूमच्या नळाची टिपटिप.) बाई बोलत होत्या आणि मी नुसता घामाघूम झालो होतो, कारण माझ्या डोक्यावरचा पंखा बंद होता. बटणाजवळ बसलेल्या गृहस्थांना खूण करावी म्हणून मी हात उंचावला. नेमक्या त्याच वेळी बाई विचारत होत्या, "मग आपल्या शाळेतर्फे आदर्श घर म्हणून कोण पुढे येणार?"

टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या मला लग्नातसुद्धा पडल्या नव्हत्या. "तसं नाही हो, पंखा लावा," एवढं म्हणायला माझं काय जात होतं? पण शेजारी लेक बसली होती आणि तिचा चेहरा असा काही फुलला होता, की मी उठून चारी दिशांना नमस्कार केला. पलीकडे बायकोने कपाळाला हात लावला. पंखा शेवटपर्यंत बंदच राहिला.

लेक सातवीत आहे. घरात आम्ही तिला इन्स्पेक्टर म्हणतो, कारण दिवे बंद केलेत का, नळ बंद केलाय का, हे सगळं तीच बघते. घरी येताच तिने मला समोर बसवून प्रकल्प समजावला. आठवडाभर रोज संध्याकाळी आपल्या घरातला कचरा तोलायचा. तिकडची तिची जोडीदार मुलगी तिच्या घरातला तोलणार. आपला तिच्यापेक्षा कमी झाला, तर शनिवारी दोन्ही शाळांसमोर पडद्यावर इन्स्पेक्टर बोलणार. नाही झाला, तर तिच्या वर्गातली ती पाठांतर एक्सप्रेस बोलणार.

"आणि बाबा, मला बोलायचंच आहे," ती म्हणाली. गेल्या वर्षी स्टेजवर तिची बोबडी वळली होती, आणि पोरं अजून तिला त्यावरून चिडवतात. हे सांगताना तिचा आवाज जरा हलला.

"बोलशील गं! पण कचऱ्याचा आणि अर्थव्यवस्थेचा काय संबंध?"

"वस्तू आपल्याला स्वस्त वाटते, कारण तिचा कचरा निस्तरायचा खर्च आपण दुसऱ्यावर ढकलतो. कळलं?"

"कळलं की!" मी म्हणालो. (नव्हतं कळलं.)

पहिल्या संध्याकाळी स्वयंपाकघरातला काटा आमच्या कचऱ्याने असा दाबला गेला, की बायको म्हणाली, "अहो, काटा मोडेल." त्यातच नेमके मटार सोलले होते. तिकडच्या मुलीचा कचरा आमच्या निम्मा. इन्स्पेक्टर न जेवता उशीत तोंड खुपसून पडली. मला घास गिळवेना. (भाजीत मीठही नव्हतं. तसं मी बोललोही, आणि बायकोने मिठाची बरणी माझ्यापुढे आदळली.)

आता माझी नोकरी सांगायला हवी. विमा कंपनीत मी क्लेम तपासतो. म्हणजे लोकांचे खोटे दावे पकडणं हेच माझं पोटापाण्याचं काम. गोदामात खरंच पाणी शिरलं की मालकाने नळी सोडली, हे मी भिंतीवरच्या डागावरून सांगतो. असा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठला, कचऱ्याच्या बादलीतली सालं त्याने डब्याच्या पिशवीत भरली आणि वर डबा ठेवून ऑफिसला निघाला.

संध्याकाळी काटा जेमतेम हलला. इन्स्पेक्टरने मला मिठी मारली. "बाबा, आपण किती सुधारलो!" त्या मिठीसाठी मी अख्ख्या गल्लीचा कचरा वाहिला असता. मग काय, रोजचं सुरू झालं. कांद्याची टरफलं, अंड्यांची कवचं, टूथपेस्टच्या नळ्या, सगळं माझ्याबरोबर कामाला जायचं.

ऑफिसच्या टोपलीत टाकायची मात्र सोय नव्हती. आमचे शिपाईमामा टोपली उचलताना आत काय आहे ते बघतात आणि वर मतही देतात. म्हणून मी ते बंद पडलेल्या झेरॉक्स मशीनच्या मागे सारत गेलो. ते मशीन आमच्या जुन्या साहेबांच्या काळापासून तिथून कुणी हलवलं नव्हतं.

गुरुवारी वास सुटला. साहेब केबिनमधून नाकाला रुमाल लावून बाहेर आले.

"काय मेलंय इथे?"

"उंदीर असणार, सर," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग शोधा! तुमची नजर तीक्ष्ण आहे. आजपासून ही मोहीम तुमच्याकडे."

मोहीम मी अशी राबवली म्हणता! कपाटं सरकवली, टेबलं उलटी केली, अकाउंट्सच्या बाईंना खुर्चीवर उभं केलं. मोठ्या आवाजात सूचना देत मी सगळी फौज दर वेळी झेरॉक्स मशीनच्या बरोबर उलट दिशेला न्यायचो. शुक्रवारी साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. हातात तेव्हा डब्याची पिशवी होती आणि ती भरलेली होती.

घरी इन्स्पेक्टर दारातच उड्या मारत होती. "बाबा! निवड झाली! उद्या मीच बोलणार! आणि तुला सरप्राइज आहे."

"काय?"

"घरातलं तोलून झालं, आता कामाची जागा दाखवायची आहे. तिकडे ती तिच्या बाबांच्या दुकानातून बोलणार आणि मी तुझ्या ऑफिसमधून! बाईंनी तुझ्या साहेबांना विचारलंसुद्धा."

मी दाराची चौकट धरली. बायको शांतपणे म्हणाली, "अहो, आनंद झालाय ना? मग बसा खाली, पडाल."

शनिवारी मी सगळ्यांच्या आधी पोचायचं ठरवलं होतं, पण साहेब माझ्याही आधी हजर. टाय लावून, अत्तर मारून. बाई आल्या, बायको आली, वर्गातली पोरं आली, पाठांतर एक्सप्रेस पहिल्या रांगेत बसली. मोठ्या पडद्यावर समुद्रापलीकडचा वर्ग दिसायला लागला. एका कोपऱ्यात ती जोडीदार मुलगी दुकानात उभी, आणि तिच्यामागे चष्मा लावलेले तिचे बाबा अवघडून हसत होते.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "लॅपटॉपची बॅटरी संपत आली. प्लग कुठे आहे?"

"आहे की!" शिपाईमामा म्हणाले. "झेरॉक्सच्या मागे."

"नको!" मी ओरडलो. "तिथे शॉक बसतो! उंदीर आहे! म्हणजे उंदराला शॉक बसतो!"

मामांनी मशीन ओढलं. आठवडाभराचा आमचा संसार घरंगळत थेट कॅमेऱ्यासमोर आला. अकाउंट्सच्या बाई सवयीने खुर्चीवर चढल्या. मामांनी वाकून बघितलं, मग सावकाश माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेब, उंदीर सापडला."

सगळ्यात वर जांभळा टूथब्रश होता. टोकाशी चावलेला. असा ब्रश जगात एकच मुलगी चावते. इन्स्पेक्टरने तो उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं. त्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून मला त्या मशीनमागे जाऊन बसावंसं वाटलं. पोरीला एकदा धड बोलायचं होतं, आणि मीच सगळ्यावर बोळा फिरवला होता.

"बाळा, मी..." माझी बोबडी वळली.

तिची मात्र वळली नाही. तिने नाक पुसलं, ब्रश हातात घेऊन ती कॅमेऱ्याकडे वळली आणि खणखणीत इंग्रजीत बोलायला लागली. "आमचा कचरा कमी झालेला नाही. तो इथे होता. वास इथल्या लोकांनी घेतला, कपाटं इथल्या लोकांनी सरकवली, आणि आदर्श आमचं घर ठरलं. खर्च दुसऱ्यावर ढकलणं म्हणतात ते हेच. आणि हे माझे बाबा."

सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. मी, काय करणार, पुन्हा नमस्कार केला.

पडद्यावरची मुलगी एकदम ताठ झाली. तिने मागे वळून बघितलं. चष्मेवाले बाबा हळूहळू एका बाजूला, चित्राच्या बाहेर सरकत होते. ती आत धावली आणि दुकानाच्या मागून दोन गच्च भरलेल्या पिशव्या ओढत घेऊन आली. मग तिच्या भाषेत बापाला जे काही म्हणाली, त्यातला एकही शब्द मला समजला नाही, पण अर्थ सगळा कळला. दोन्ही वर्ग हसून लोळले. दोन्ही पोरी मग त्या कचऱ्यासमोर उभ्या राहून इतकं बोलल्या, इतकं बोलल्या, की वेळ संपल्यावर बाईंना प्लग काढावा लागला. पाठांतर एक्सप्रेससुद्धा टाळ्या वाजवत होती.

इन्स्पेक्टर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, ती शिक्षा सांगायला. साहेबांच्या संमतीने असं ठरलं, की ऑफिसचा सगळा ओला कचरा रोज मी घरी न्यायचा आणि गच्चीवरच्या कुंड्यांत मुरवायचा. डब्याच्याच पिशवीतून. "तुला सवय आहे, बाबा," ती म्हणाली आणि हसली. तिच्या त्या हसण्यापुढे शिक्षेचं मला काहीच वाटलं नाही.

"तुला कधी कळलं होतं?" मी बायकोला विचारलं.

"पहिल्याच सकाळी. माझ्या हातचा डबा उचलताना तुम्ही कधी इतके हसता का?"

काल दुपारी जेवायला बसलो आणि डबा उघडला. आत चहाचा चोथा आणि केळ्याची सालं. सकाळच्या घाईत माझ्याच हातून कचऱ्याच्या आणि जेवणाच्या डब्यांची अदलाबदल झाली होती. मी घरी फोन लावला.

"अगं, माझं जेवण?"

"सकाळीच कुंडीत गेलं," बायको म्हणाली. "झाडाने मुकाट्याने खाल्लं हो. मीठ कमी आहे म्हणालं नाही."