यमुनक्कांची मापं

यमुनक्का छातीचं माप कुजबुजत सांगतात. तेही जिचं तिच्याच कानात. मग वहीत लिहितात, पण नावाशिवाय. म्हैसूरच्या नजरबादमधल्या निम्म्या बायका त्या वहीत 'जांभळा काठ', 'दोनदा शिंकते', 'पंखा लाव म्हणते' अशा नांदतात. मी 'घाई' आहे.

"आमचे आजोबा रंगारी. रंग कसा केला ते बायकोलासुद्धा सांगितलं नाही," त्या अभिमानाने सांगतात.

भाचीने एकदा त्यांच्या फोनवर शिंपीकामाचं अ‍ॅप घालून दिलं. गिऱ्हाइकांची मापं त्यात ठेवायची. पण उघडताच ते परवानग्या मागायला लागलं. फोनमधले नंबर, फोटो, माइक.

"माइक कशाला?" यमुनक्कांनी विचारलं. "ब्लाउज बोलतो काय?"

"मावशी, सगळ्यांनाच विचारतं ते. सुम्मने, असंच ओके दाबायचं."

"सुम्मने कसं? बायका मला माप देतात, ह्याला नाही. बेडा, नकोच ते!" म्हणत त्यांनी अ‍ॅप काढायला लावलं.

संशय मात्र राहिला. एका बाईचा ब्लाउज दोन इंच सैल करायचं ठरलं आणि दुपारी फोनवर वजन उतरवायच्या पावडरीची जाहिरात आली. "ती सगळ्यांनाच येते," मी म्हणाले. पटलं नाही. तेव्हापासून माप घेताना फोन स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यात. तिथून वाजला तर त्या ओरडतात, "माप चाललंय!"

गेल्या वर्षी माझं ऑपरेशन झालं. डावा स्तन काढावा लागला. नवरा आणि मुलगी सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगते, कारण सांगणारी मीच आहे. पुतणीचं लग्न तोंडावर होतं. जुना ब्लाउज यमुनक्कांच्या मशीनवर ठेवून मी म्हणाले, "याच मापाने शिवा."

त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. दार लावलं. माप घेतलं. वहीत काही लिहिलं नाही.

आठ दिवसांनी ब्लाउज मिळाला. डावीकडे आतून मऊ मलमलीच्या घड्या, बाहेरून टाका दिसत नव्हता. लग्नात, बन्नीमंटपच्या हॉलमध्ये जावेने मला गोल फिरवून विचारलं, "कुणी शिवला गं? किती छान बसलाय!"

ते सांगायला मी यमुनक्कांच्या घरी गेले. त्या काजं करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अजून दुखतं काय गं?"

घरात रोज रिपोर्ट विचारायचे, गोळ्या विचारायचे. हे कुणी विचारलं नव्हतं. मला एकदम रडू फुटलं.

"कॉफी ठेवते," म्हणून त्या आत गेल्या आणि माझं रडणं थांबेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. तोवर कॉफी पार गार झाली होती. आम्ही दोघी ती तशीच प्यायलो.