हिवाळ्याचं वेळापत्रक आणि तीन शेल

"दहा मिनिटांचं काम आहे," असं म्हणून वेंडल थिबोडोने बाह्या सरसावल्या. तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. वेळ लक्षात ठेवा.

अमेरिकेतल्या मेन राज्यातलं एक बेट, त्यावर फेरीबोटीचं ऑफिस, ऑफिसात माणसं तीन. आजपासून हिवाळ्याचं वेळापत्रक. बेटावरून शेवटची बोट पाचच्या ऐवजी सव्वादोनला. साइटवर मात्र अजून उन्हाळाच चाललेला! आज ती बदलली नाही तर लोक पाचला धक्क्यावर येऊन रिकामं पाणी बघत बसणार. आणि साइट बनवायला एका प्रोग्रॅमचं जुनंपुराणं व्हर्जन लागतं, ते कुणाकडेच नाही. वेंडलने त्यावर औषध आणलं: व्हर्जन मॅनेजर. हुकूम टाईप केला की पाहिजे ते व्हर्जन हजर.

स्वतःच्या मशीनवर त्याने ते चार मिनिटांत बसवलं आणि वर शीळ घातली. पण साइटवर काही चढवायची परवानगी फक्त नोरीनच्या मशीनला. नोरीन म्हणजे ऑफिसची मुख्य, वय बासष्ट.

इथे गाडी रुतली. आपण कॉम्प्युटरवरच्या काळ्या खिडकीत हुकूम टाईप करतो, तो ऐकायला आत एक नोकर बसलेला असतो, त्याला म्हणतात शेल. वेंडलचा झी-शेल, नोरीनचा बॅश, कोपऱ्यातल्या ॲन्सेलचा फिश. प्रत्येकाला आपलाच शेल लाडका, बाकीचे मूर्ख.

शेल उघडताना आधी स्वतःची एक फाइल वाचतो, आणि व्हर्जन मॅनेजरसारखं टूल चालायला त्या फाइलीत एक ओळ घालावी लागते. वेंडलने आपल्या शेलची ओळ नोरीनच्या बॅशच्या फाइलीत चिकटवली. बॅश कुरकुरला. परत चिकटवली. सात वेळा चिकटवली, जणू आठव्या वेळी त्याला दया येणार होती. ॲन्सेल म्हणाला, प्रत्येक शेलची ओळ वेगळी असते, टूलच्या पानावर दिलीय, वाच तरी. वेंडल म्हणाला, वाचायला वेळ कुणाला आहे? त्यापेक्षा नोरीनलाच झी-शेलवर आणतो.

नोरीन फोनवर होती. तेवढ्यात याने तिच्या बॅशच्या फाइलीत लिहून टाकलं: उघडल्या उघडल्या झी-शेलकडे जा. नवी खिडकी उघडली.

खिडकी थरथरली. हुकूम टाईप करायला जागाच येईना. पंखा असा घरघरला की नोरीनने कॉफीचा मग उचलून छातीशी धरला.

"माझ्या झी-शेलला हात लावलास?" तिने विचारलं.

"तुमच्याकडे झी-शेल कुठून आला?"

"मशीनबरोबर आला. मला नको होता. मग त्याच्या फाइलीत लिहिलं, उघडल्या उघडल्या बॅशकडे जा. झाली त्याला सहा वर्षं."

झालं! बॅश म्हणतो झी-शेलकडे जा, झी-शेल म्हणतो बॅशकडे जा. सरकारी कचेरीत पाच नंबरची खिडकी तीनकडे पाठवते आणि तीनची पाचकडे, तसं. फक्त इथे सेकंदाला शंभर खेपा.

मशीन अडकलं ते अडकलंच. बटण दाबून बंद केलं, चालू केलं, तेच. चिडून वेंडलने ती फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली आणि पुसली ती नेमकी चुकीची ओळ, मग ती परत आणून खरी ओळ पुसण्यात तास गेला. फोन वाजतच होता. शेवटची बोट कितीची, असं जो तो विचारायचा, आणि नोरीन "सव्वादोन" सांगून ठेवून द्यायची. दोनला ॲन्सेलने बॅग उचलली, निघतोस ना म्हणून विचारलं. वेंडलने मान वर न करता दोन बोटं दाखवली, म्हणजे दोन मिनिटं.

शेवटी त्याने टूलचं पान वाचलं. बॅशची ओळ तिसऱ्याच परिच्छेदात होती. चिकटवली. चाललं. साइट चढली.

"बघा, शेवटची बोट दोन पंधरा!" त्याने मोठ्यांदा वाचलं.

दोन वाजून एकवीस मिनिटं झाली होती. सगळं बेट फोन करून वेळेवर पोचलं होतं. खिडकीबाहेर बोट हळूहळू लहान होत होती, आणि वेंडलचं घर होतं समोरच्या किनाऱ्यावर.

नोरीनने कोट चढवला. "माझ्याकडे सोफा आहे," ती म्हणाली. "पण त्यावर मांजर झोपतं. मी त्याला उठवणार नाही."