पुणतांब्याची मावशी

वाचक आला की घाबरणारा ग्रंथालयातला माणूस मी आजवर एकच पाहिला, आमचे शांतवन पाटोळे सर. आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात अफगाणिस्तानचा इतिहास आणि संस्कृती यांचं एक वेगळं दालन आहे. काबूलमध्ये बरीच वर्षं शिकवून परतलेले एक प्राध्यापक वारले, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी ही पुस्तकं टेम्पोत भरून आणून दिली. नगर जिल्ह्यात अफगाणिस्तान वाचणार कोण, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांना पडला होता. दालन सांभाळणाऱ्या पाटोळे सरांना तो पडला नाही. कुणी वाचूच नये असं त्यांना वाटायचं.

चुकून कुणी आत शिरलंच, तर सर उठून उभे राहतात. "नक्की हेच पुस्तक पाहिजे का? दुसरं चालणार नाही? बघा हं, माझ्या जिवाला घोर लागतो." वाचक बिचारा पुस्तक ठेवतो आणि वर्तमानपत्रांकडे वळतो.

घोर लावून घेणं हा सरांचा जोडधंदाच आहे. पावसाळ्यात ओल, उन्हाळ्यात शॉर्टसर्किट, हिवाळ्यात उंदीर आणि बाराही महिने कसर. संध्याकाळी श्रीरामपूरच्या एसटीत बसलेला हा माणूस पुढच्या थांब्यावर उतरून, खिडकी लावली की नाही ते बघायला चालत परत येतो. खिडकी नेहमी लावलेलीच असते. ऑक्टोबरच्या उन्हात ते गच्चीवर चादरी अंथरून पुस्तकांचं वाळवण घालतात आणि काठी घेऊन कबुतरांवर नजर ठेवत बसतात. "सर, पापड उलटायचे का?" असं मी जिन्यातून ओरडून विचारते. त्यावर ते अगदी गंभीरपणे, "थांबा, ही बाजू अजून गार आहे," म्हणतात.

गंमत म्हणजे त्यातली निम्मी पुस्तकं सरांना वाचताच येत नाहीत. फारसी पुस्तक उजवीकडून सुरू होतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या पानालाच पहिलं समजून त्यांनी ग्रंथालयाचे शिक्के हौसेनं तिथं मारून ठेवले होते. ही चूक सापडली ती जरमीनाला.

जरमीना काबूलची. जमिनीखालून पाणी वाहून नेणाऱ्या जुन्या कालव्यांवर ती पीएच.डी. करत होती. तसे कालवे तिच्या देशात आहेत आणि निजामशाहीतले आपल्या नगरलाही आहेत. ते शिक्के बघून ती इतकी हसली, की सर आधी ओशाळले आणि मग स्वतःही हसायला लागले. सरांनी न घाबरता पुस्तक हातात दिलं, अशी ही एकटीच वाचक. सरांची बायको केव्हाच गेली, मूलबाळ नाही. स्वतःच्या हातानं केलेला डबा ते तिच्यापुढे सरकवायचे. शेंगदाण्याच्या चटणीनं तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, तरी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा मागायची.

एका सुट्टीत ती घरी गेली. तिकडे राज्य बदललं, मुलींची विद्यापीठं बंद झाली आणि ती परत आलीच नाही. सर तिच्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मला त्यांचा रागच आला.

उलट त्यानंतर त्यांना कुठूनशी एक मावशी उपटली, पुणतांब्याची. सर मोबाईल घेऊन कपाटामागे जायचे. मावशीचा निरोप आला तर आम्हाला चहा मिळायचा. नाही आला तर त्यांचा डबा तसाच घरी जायचा. आमचा शिपाई नामदेव म्हणायचा, "सरांची मावशी लई चिवट हाय. तिला काय बी होत न्हाई, सरच झुरत्यात."

यंदा दालनाचं छत गळायला लागलं. काम होईपर्यंत पुस्तकं खोक्यांत भरून गोदामात ठेवा, असा ग्रंथपाल साहेबांनी हुकूम सोडला. काम कधी होणार, असं विचारल्यावर साहेब नुसते हसले. खोकी भरायचं माझ्याकडे आलं. मी पुस्तक आत ठेवलं की सर ते बाहेर काढत. "हे राहू द्या." मग दुसरं. "हेही राहू द्या." संध्याकाळपर्यंत एक खोकं भरलं नाही. त्यात मावशीचाही बरेच दिवस निरोप नव्हता. सर सारखे मोबाईल काढून बघत होते.

मला त्यांची दया आली. म्हटलं, "सर, माझं सासर पुणतांब्याजवळच आहे. रविवारी मी जातेच आहे, मावशींना बघून येते. घर कुठं, नदीकडं की स्टेशनकडं?"

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. "नको."

"अहो, वाटेतच आहे."

"न्हाई, तुमी जाऊ नका." घाबरले की सरांचं पुस्तकी मराठी गळून पडतं. त्यांनी दार लावलं, खिडकीतून बाहेर बघितलं आणि हळूच म्हणाले, "पुणतांब्यात कुनी मावशी न्हाई. मावशी काबूलला हाय. आपली जरमीना."

ती घरात बसून चोरून प्रबंध लिहीत होती. कुठलं पान हवं ते कळवायची आणि सर फोटो काढून पाठवायचे. "ती शिकतीय हे तिकडं कळलं, तर घरच्यांचं काय करतील सांगता येत न्हाई. म्हणून नाव बदललं."

"पण सर, आपल्या ग्रंथालयातून काबूलला कोण सांगणार आहे?"

"काय सांगावं," सर म्हणाले. "आन् तिला उद्या कुठलं पुस्तक लागंल, मला काय ठाऊक? खोक्यात काय काय घालू?"

गोदामात वाळवी आहे, असं मी साहेबांना बेधडक सांगितलं आणि कपाटं माझ्या देवघेवीच्या टेबलामागे आणवली. त्या दिवसापासून घोर मलाही लागला. बातम्यांत काबूल म्हटलं की माझ्या हातातला घास थांबतो.

आता दुपारी सर खिडकीशी उभे राहून फोटो काढतात आणि मी पुस्तक धरते. परवा त्यांच्या मोबाईलमध्ये माझी नजर गेली. पानांमागून पानं पाठवलेली होती आणि प्रत्येकाखाली एकच खूण. महिनाभरात त्यातलं एकही पान तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

"सर," मी विचारलं, "आधीचीच पोचली नाहीत. मग रोज नवीन कशाला काढायची?"

सरांनी चष्मा पुसला. "तिनं कधीतरी मोबाईल उघडला आन् फुडचं पान नसलं, तर तिला वाटंल, ग्रंथालय बंद झालं." मग मोबाईल पुन्हा वर धरत म्हणाले, "जरा हात बाजूला घ्या, सावली पडतीय."