मुद्दाम करपवायची पेज

कोलाडहून निलेशचा फोन आला तेव्हा अनिता नुकतीच आडवी झाली होती. दुपारी आडवं होणं ही तिच्या आयुष्यातली नवी गोष्ट होती, अजून पुरती अंगवळणी न पडलेली. डोळा लागला तरी एक कान स्वयंपाकघरातच असे.

निलेशचं नदीकाठी रिसॉर्ट होतं. अनिताच्या नवऱ्याची, अमोलची 'खारबांध' बिअर पहिल्यांदा विकायला ठेवली ती त्यानेच.

"अमोलशेठ, बिघडली असं नाय म्हणत मी," तो म्हणाला. अमोलने फोन स्पीकरवर टाकला होता, कारण वाईट बातमी त्याला एकट्याला ऐकवत नसे. "पण ती नाय राहिली. पब्लिक अर्धा ग्लास तसाच ठेवून उठतं. पेणला होती तेव्हा काय होती! रोह्याला गेलात, मोठे झालात, आणि..."

"आणि काय?"

"रागवू नका, पण पाणी झालं. सुधारली तर ठीक. नायतर मी दुसरी बघतो."

अनिता उठून बसली. झोप गेली ती गेलीच.

अमोलने ही बिअर सुरू केली ती पेणहून वडखळला जाताना लागणाऱ्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. परवाना आणि टाक्या यांत तो इतका गुंतला की माणसं ठेवायचं राहूनच गेलं. बार्लीबरोबर त्यात खारपट्टीतला लाल तांदूळ पडे आणि त्याची आधी पेज करावी लागे. मोठा टोप शेगडीवर ठेवायचा आणि कुणीतरी उभं राहून ढवळत बसायचं. कुणीतरी म्हणजे अनिता. ढवळायला तिच्या माहेरच्या होडीचं जुनं वल्हं होतं. मग बिअर चालली, रोह्याला जागा मिळाली, वाफेवर चालणारं भांडं आलं. ते स्वतःच ढवळत असे. ते चालवायला पुण्याहून शिकून आलेला ऋत्विकही आला, आणि अनिताच्या वाट्याला दुपार आली.

"मोठं झालं की बिघडतंच का रे?" अमोलने ऋत्विकला विचारलं.

"उलट, सर. पेणला दर खेपेला वेगळी व्हायची. आता प्रत्येक बाटली सारखी. लोकांना जुन्यातलं चांगलं तेवढंच आठवतं."

"बरोबर बोलतोय तो," अनिता घाईने म्हणाली. विज्ञानाची बाजू तिने आयुष्यात कधी इतक्या जोरात घेतली नव्हती.

पण अमोल ऐकणारा नव्हता. त्याने पेणचं पाणी टँकरने रोह्याला नेलं. जुन्या टाक्या नेल्या. फरक पडेना. शेवटी एका रात्री जेवता जेवता तो म्हणाला, "शेड अजून रिकामीच हाय. परत पेणला जाऊ. शेगडी, टोप, वल्हं, सगळं पहिल्यासारखं."

'सगळं' म्हणताना त्याने अनिताकडे पाहिलं नाही, म्हणजे तीही त्या सगळ्यात होती.

"अहो, आधी जुनी चाखून तरी बघा," ती म्हणाली. "कदाचित काहीच फरक नसंल. आईंनी गुडघ्याला चोळायला ठेवल्यात ना पेणच्या दोन बाटल्या? एक अजून बंद हाय."

आपली झोप वाचवायला म्हणून तिने स्वतःच्या हाताने ती बाटली आणून दिली.

दुसऱ्या दिवशी ऋत्विकला घरी बोलावलं. टेबलावर दोन ग्लास भरले, एक जुनीचा, एक नवीचा. अमोलने घोट घेतला. ऋत्विकने घेतला, डोळे मिटले, परत घेतला.

"जुनीत काहीतरी आहे, सर. भाजल्यासारखं. नाव नाही सांगता येत."

काशीबाई, अमोलची आई, दारू तोंडाला लावत नसत. त्यांनी ग्लास नुसता नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला.

"करपलंय."

"काय करपलंय?"

"पेज. ह्या घरात आली तवापासून हिनं दूध करपवलं, भात करपवला, खीरसुद्धा करपवली. नाक नाय फसायचं माझं. हा हिचाच हात हाय."

सगळे अनिताकडे पाहू लागले. तिने आठवून पाहिलं आणि तिला आठवलं. दुपारी जिते गावाहून तिच्या बहिणीचा, रंभाचा फोन यायचा. फोन खांद्यात धरून ढवळताना विषय सासूवर आला की वल्हं आपोआप थांबायचं. पेज तळाला धरायची. ती तशीच पुढे जायची, कारण विचारणारं कुणी नव्हतं.

"वाफेच्या भांड्याला तळाशी जाळच नाही," ऋत्विक हळूच म्हणाला. "त्यात करपणार कशी?"

अमोलचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत करपलेल्या कुठल्याच पदार्थावर तो असा उजळला नव्हता. "म्हणजे रोह्यातच एक शेगडी लावायची! बास!"

"मग ऋत्विक करपवंल," अनिता म्हणाली.

रोह्याला शेगडी लागली. ऋत्विकने करपवली, ती कोळसा झाली. मग काशीबाईंनी वल्हं हातात घेतलं. त्यांची पेज जराही धरली नाही, आणि त्याचं वाईट वाटायच्या ऐवजी त्यांना थोडा अभिमानच वाटला. उरली अनिता.

ती टोपासमोर उभी राहिली तेव्हा सगळे तिच्याभोवती उभे होते. तिने हात थांबवला. क्षणभरात तो आपला आपणच फिरायला लागला.

"करपव गो!" काशीबाई ओरडल्या. "नको नको म्हणत होते तवा करपवलंस, आणि आता सांगतेय तर..."

"नाय होत, आई. तुम्ही समोर असलात की हात थांबतच नाय. तवा रंभाशी फोनवर बोलता बोलता थांबायचा."

"रंभाला लावा," अमोलने तोडगा काढला. फोन लागला, स्पीकरवर.

"ताई, आवाज घुमतोय. कोण कोण हाय तिथं?"

"सगळेच हायत."

"असं व्हय," रंभा म्हणाली आणि तिचा आवाज एकदम गोड झाला. "मग, तब्येती बऱ्या ना? आईंचे गुडघे काय म्हणतायत?"

गुडघ्यांची चौकशी झाली, पावसाची झाली, ऋत्विकच्या लग्नाचीही झाली. पेज फुलासारखी उतरली.

अमोल डोकं धरून पोत्यावर बसला. काशीबाईंनी थोडा वेळ सुनेच्या पाठीकडे पाहिलं. मग पिशवी उचलली.

"तांदूळ नवा घाल, आणि चला बाहेर सगळे."

"का, आई?"

"मी हितं उभी असल्यावर ती माझ्याबद्दल बोलंल कशी?"

अनिता टोपात वाकून काहीतरी शोधू लागली. टोपात पेजेशिवाय काही नव्हतं.

बाहेर नारळाखाली तिघं बसून राहिले. बऱ्याच वेळाने दाराच्या फटीतून तो वास आला. अमोल उठायला लागला तर काशीबाईंनी त्याचा शर्ट धरून खाली बसवला. "थांब. अजून दिवाळीच्या साडीचा विषय यायचा हाय."

ती बिअर तयार होऊन कोलाडला पोचली आणि निलेशचा फोन आला. "आली! पेणची आली! छोट्या जागेची चव ती छोट्या जागेचीच, शेठ." अमोलने त्याला जागा सांगितली नाही.

घरात मात्र वेगळंच घडलं. आपल्या सुनेच्या हाताला कोलाडमध्ये मागणी आहे म्हटल्यावर काशीबाई मऊ झाल्या. भात लागला तर खरवड मागून घेऊ लागल्या. अनिता फोनवर रंभाला म्हणाली, "काय सांगू गो, हल्ली काही बोलतच नायत." वल्हं फिरत राहिलं. महिन्याभराने निलेशने विचारलं, "शेठ, परत मोठे झालात काय?"

अमोलने हे जेवताना सांगितलं. काशीबाईंनी ऐकलं आणि ताक प्यायल्या.

पुढच्या पेजेच्या दिवशी सकाळी त्या चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "हा चहा हाय का भांडी धुतलेलं पाणी? तुझ्या आयशीनं चूल तरी दाखवली व्हती का तुला?"

अनिताला ते झोंबलं. आईपर्यंत जायची काय गरज होती? ती कप उचलायला गेली. कप रिकामा होता. तळाची चहापत्तीसुद्धा उरली नव्हती.

तिने सासूकडे पाहिलं. सासू खिडकीतून बाहेर पाहत होती.

"आई," अमोल चप्पल घालता घालता म्हणाला, "मागणी वाढलीय. दुसरा टोप घेतोय. दोन्ही एकदम लावू."

"मी बोलीन ते एका टोपापुरतं," काशीबाई म्हणाल्या. "दुसऱ्यासाठी दुसरी सासू बघ. नुसतं वाढवत गेलास तर बिघडणारच की." मग त्यांनी गाडीच्या मागच्या सीटवर डबा ठेवला आणि त्याच्या शेजारी एक उशी. "काम झालं की तिथंच पड जरा. घरी येऊन काय दिवे लावणार हायेस?"

रोह्याला शेगडी पेटली. टोपातून वाफ यायला लागली. कोपऱ्यात पोत्यांवर उशी टाकलेली होती, आणि अनिता ढवळताना मधून मधून तिच्याकडे बघत होती. तिने फोन खांद्यात धरला.

"रंभे, आज तर कहर केलान," ती म्हणाली आणि वल्हं थांबवलं.