चाक स्थिर, कुंभार फिरता

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता मस्तगड भागातल्या आमच्या गच्चीवर कुंभाराच्या चाकाची पूजा झाली. पुढच्या पाच मिनिटांत कळलं, की हे चाक आता लग्न लागेपर्यंत फिरवता येणार नाही. आणि ज्या मडक्यांसाठी ही पूजा झाली, ती मडकी अजून घडायचीच होती!

चूक माझी. पण ती मी पूर्ण नियोजन करून केली, हे आधी नोंदवून ठेवतो.

मी इथल्या एका दैनिकात पानं लावतो. रोज संध्याकाळी जग कितीही उलटंपालटं झालेलं असो, ते आठ कॉलमांत बसवून वेळेवर छपाईला धाडणं हे माझं काम. गेल्या वर्षी कुंभारकामाच्या एका शिबिराची बातमी करायला गेलो आणि येताना विजेवर चालणारं जुनं चाक घेऊन आलो. माझं मत असं, की माती आणि बातमी यांत फरक नाही. ओली असते तोवर हात चालवायचा. काय हवं ते आधी ठरलेलं असलं, की हवं तेच बाहेर येतं!

"तुमच्या हातून आजवर काय आलंय बाहेर?" असं माझी बायको तृप्ती विचारते. पण तो वेगळा विषय.

आमच्या शेजारी नवलकिशोरजी राहतात; त्यांचं कापडाचं दुकान आहे. त्यांच्या घराण्यात लग्नाआधी बायका वाजतगाजत कुंभाराकडे जातात, चाक पुजतात आणि मडकी डोक्यावर घेऊन घरी येतात. त्यांच्या मुलीचं, आयुषीचं लग्न ठरलं. पण त्यांचा पिढीजात कुंभार कडूबा याने चाक केव्हाच मोडीत काढलं होतं. तो आता गुजरातची मडकी टेम्पोने मागवून विकतो.

"चाकच न्हाई, तर काय पुजू? त्याचा टेम्पो?" नवलकिशोरजींच्या आई इचरजबाई कडाडल्या.

मी कुंपणावरून म्हणालो, "दादी, चाक माझ्याकडे आहे. मडकीही मीच करीन."

इचरजबाईंनी माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. पडलेल्या भावाच्या कापसाकडे व्यापारी बघतो तसं.

"धर्मराज बेटा, पाच पाहिजेत. साबूत."

"पाच म्हणजे पाच!"

आता या पाच मडक्यांवर काय लटकलं होतं ते सांगायला हवं. आयुषीने मुलगा स्वतःच पसंत केला. नमन त्याचं नाव. एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये तो तापलेल्या सळ्यांची तपासणी करतो. मुलगा सज्जन, निर्व्यसनी. पण इचरजबाईंना कोणी विचारलं नव्हतं. शिवाय मुलाकडे दुकान नव्हतं!

"गादी न्हाई, गल्ला न्हाई," त्या म्हणायच्या. "महिना झाला की पगार घेतो. नवलकिशोर, असं कधी झालं का आपल्या घरात?"

शेवटी त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "मला विचारलं न्हाई, मंग मी चाकाला विचारीन. पाचही मडकी साबूत आली, तर पहिलं मी डोक्यावर घेईन आणि नाचत येईन. एक जरी फुटलं, तर तुमचं लग्न तुम्ही लावा. मी मांडवात पाय ठेवणार न्हाई."

आयुषीला लहानपणापासून दादीनेच वाढवलेलं. तिचा चेहरा पाहून मी तिला धीर दिला, "घाबरू नकोस. मडकी फुटतात ती निष्काळजीपणाने. मी वेळापत्रक केलंय."

तर हे ते वेळापत्रक. पूजा आधी, मग घडवणं, वाळवणं, भाजणं. गच्चीही आधीच मोकळी करून ठेवलेली. एमआयडीसीत नवं यंत्र आलं की आधी त्याला नारळ फोडतात, मग बटण दाबतात. चाक हेही यंत्रच! म्हणून मी मडकी घडायच्या आधीच इचरजबाईंना सोमवारचं आमंत्रण दिलं. मुहूर्त त्यांना पटला. मडकी तयारच असतील हे त्या धरून चालल्या. पूजेनंतर मी कामाला लागणार हे मी धरून चाललो. एकमेकांना विचारलं कोणीच नाही.

सोमवारी बायका गाणी म्हणत जिना चढल्या. चाकावर कुंकवाचा साथिया म्हणजे स्वस्तिक निघालं, लाल दोऱ्याचा नाडा बांधला, अक्षता वाहिल्या, गूळ ठेवला. सगळं छान झालं. मग इचरजबाईंनी वाकून विचारलं, "फिरतो का पण हा?"

मी पायाने पेडल दाबलं!

कुंकू, अक्षता आणि गूळ क्षणात चहूकडे गेले. गूळ नवलकिशोरजींना लागला. बाकी सगळ्यांच्या कपड्यांवर कमरेच्या उंचीवर एक लाल रेघ उमटली. सगळ्यांना सारख्याच उंचीवर! चाक किती समपातळीत बसवलंय याचा याहून चांगला पुरावा नव्हता, पण तो सांगायची ती वेळ नव्हती.

"बंद कर!" इचरजबाई ओरडल्या. मग पदर झटकत म्हणाल्या, "पूजलेलं चाक लग्न लागेपर्यंत फिरवत न्हाईत, एवढं बी माहीत न्हाई? कडूबाचा बाप तर खाटेखाली ढकलून ठेवायचा. चल, मडकी दाखव."

"मडकी? आता करायला घेतो ना."

"आता?"

त्यानंतर गच्चीवर खालच्या गल्लीतल्या बँडवाल्याने थुंकलेलंही ऐकू आलं.

सगळे गेल्यावर आयुषी जिन्यात थांबली. "काका, आता काय?"

"काही नाही," मी म्हणालो. "चाक फिरवायचं नाही एवढंच ठरलंय ना? मी फिरलो तर?"

ही कल्पना मला त्याच क्षणी सुचली आणि आजही ती मला पूर्णपणे तर्कशुद्ध वाटते. साथियाला धक्का लागू नये म्हणून चाकावर विटांच्या आधाराने एक पाट ठेवला. पाटावर मातीच्या वळ्या एकावर एक रचायच्या, आणि चाक फिरत नाही म्हणून कुंभाराने चाकाभोवती फिरायचं. इचरजबाईंची परवानगी हवी होती. त्यांनी काठीने पाटाखालच्या विटा ठोकून पाहिल्या.

"चाक थांबलेलं राहील?"

"बिलकुल."

"मंग घे तू फेरे. आयुषीच्या आधी तूच घेऊन राह्यला!"

मी फिरू लागलो. उजवा हात बाहेरून, डावा आतून, पाय गोल. पहिलं मडकं गळ्यापर्यंत आलं तेव्हा मस्तगड माझ्याभोवती फिरत होतं. पाण्याची टाकी दोनदा समोरून गेली. मी कठड्याला धरून बसलो.

तृप्ती वर आली. "अहो, हे एका बाजूला झुकलंय."

"मी झुकलोय. ते सरळ आहे."

"तुम्ही दोघंही स्टेशनकडे झुकलाय."

दुसरं मडकं मी उलट दिशेने फिरून केलं. ते दुसरीकडे झुकलं. तिसरं दोन्ही दिशांनी केलं, तर त्याला मधेच पोट सुटलं. माती तीच, वजन तेच, हात तेच. तरी पाच मडकी पाच स्वभावांची! मी त्यांच्यापुढे बसून विचार करत राहिलो. चाकावर माती माझं ऐकते तेव्हा खरंच माझं ऐकते, की मोटरचं? आणि मी फिरतो तेव्हा माझ्या गुडघ्याचं दुखणंही मडक्यात जातं का? चौथ्या मडक्यावर एक खोलगट जागा होती. ती नेमकी कुठे आली हे मी मोजून पाहिलं. जिथे दर फेरीला मी टाकीच्या पाइपाला अडखळत होतो, तिथे!

हे मी कौतुकाने कडूबाला सांगितलं. तो रोज स्वतःची प्लास्टिकची खुर्ची घेऊन गच्चीवर येत असे. चाक मोडीत काढल्यापासून एवढी करमणूक झाली नव्हती, असं त्याचं म्हणणं.

"साहेब, भट्टीत जल्दी करू नका," कडूबा म्हणाला.

"म्हणजे हळूहळू आच द्यायची?"

"हळू बी करू नका. धूर धरतो."

"मग?"

"मंग काय! भट्टीच्या मनावर हाय. म्या तर म्हणूनच गुजरातचा माल आणतो."

मडकी वाजतगाजत न्यायला रविवार ठरला, म्हणून शनिवारी सकाळी भट्टी लावली. जुना ड्रम, आजूबाजूला विटा, खाली गोवऱ्या, वर पऱ्हाटीच्या म्हणजे वाळल्या कपाशीच्या काड्या. पाच मडकी मी पूर्ण वाळलेली पाहून ठेवली. सोबत माझी फुलदाणीही ठेवली. पूजेच्या आदल्या दिवशी मोटरच्या चाकावर केलेली. जाड बुडाची, सुतात सरळ, कंपासने काढल्यासारखी गोल.

"ही कशाला?" तृप्तीने विचारलं.

"नियंत्रण म्हणजे काय ते लोकांना दिसावं म्हणून."

नमन मिलमधून तापमान मोजायची बंदूक घेऊन आला. इचरजबाईही आल्या आणि सावलीत खुर्ची टाकून बसल्या.

"छोऱ्याने भट्टीला हात लावायचा न्हाई," त्यांनी बजावलं.

"दादी, मी फक्त मोजतो," नमन नम्रपणे म्हणाला.

"मोजून काय करणार?"

"आच किती आहे ते कळतं."

"आणि कळल्यावर?"

नमनने बंदूक पुन्हा ड्रमकडे रोखली. प्रश्न बरोबर होता. बंदूक ड्रमच्या एका बाजूला एक आकडा दाखवत होती, दुसऱ्या बाजूला जवळजवळ दुप्पट. वारा फिरला की दोन्ही बाजू आकड्यांची अदलाबदल करत. मी वेळापत्रक हातात घेऊन उभा होतो. त्यात वाऱ्याचा कॉलम नव्हता. मी पत्रा आडवा धरला, वारा दुसरीकडून आला. मी तिकडे गेलो, तो परत इकडे आला. पुन्हा मी गोल फिरू लागलो!

"आता भट्टीभोवती बी?" इचरजबाई म्हणाल्या.

तेवढ्यात आतून आवाज आला. फट्!

आयुषीने नमनचा हात धरला, मग दादी बघते आहे हे पाहून सोडला, मग पुन्हा धरला.

"काय फुटलं?" मी विचारलं.

"उघडून बघा," कडूबा म्हणाला. "पण आत्ता उघडलं तर उरलेलं बी फुटंल."

असं कोणी सांगतं का! बातमी समोर आहे आणि पाकीट उद्यापर्यंत बंद. मी आयुष्यात एवढा अधीर कधी झालो नव्हतो. इचरजबाई मात्र उठल्या. काठी उचलून सरळ जिना उतरल्या. जाताना पहिल्या पायरीवर थांबून त्यांनी भट्टीकडे वळून पाहिलं, हे मी पाहिलं. त्यांचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

आज रविवार. सकाळी बायका नटून आल्या, खाली बँड आला, नवलकिशोरजी नवा कुर्ता घालून माझ्यापासून लांब उभे राहिले. मी राख बाजूला केली. एक मडकं निघालं. दुसरं निघालं. झुकलेलं, पण साबूत! तिसरं, पोट सुटलेलं, साबूत! चौथं, पाइपाच्या खोलगट जागेसकट साबूत! पाचवंही अख्खं बाहेर आलं आणि आयुषीने अशी किंकाळी फोडली, की खाली बँड सुरू झाला.

फुटली होती ती फुलदाणी. कंपासने काढल्यासारख्या गोल फुलदाणीचे कंपासने मोजता येणार नाहीत असे तुकडे झाले होते. जाड बुडात ओल राहिली असावी.

"हेच का ते नियंत्रण?" तृप्तीने एक खापर उचलून विचारलं.

पण इचरजबाईंनी हात वर करून बँड थांबवला. त्यांनी बोटाच्या पेराने मडकी वाजवायला सुरुवात केली. टण्ण. टण्ण. टण्ण. टण्ण. पाचव्यावर बोट पडलं आणि आवाज आला, टक.

फुलदाणीचा एक तुकडा उडून याच मडक्याला लागला होता. जिथे लागला तिथे काळसर डाग होता. तडा दिसत नव्हता. मी भिंग आणलं, नमनने मोबाइलचा दिवा धरला. तडा नाही! आवाज मात्र टक.

"पाणी भरा," इचरजबाई म्हणाल्या.

पाचवं मडकं दोन विटांवर ठेवून काठोकाठ भरलं. थोड्या वेळाने त्याचं अंग ओलसर झालं. कडूबा खुर्चीतून म्हणाला, "नवं मडकं हाय, घाम येणारच. म्हणून तर पाणी गार राह्यतं."

"घाम सगळ्या अंगाला येतो," इचरजबाई म्हणाल्या. "इथं बुडाशी जास्त येऊन राह्यला."

"दादी, पाणी खालीच उतरतं ना," नमन म्हणाला.

"तुला विचारलं का?"

"नाही, दादी."

"मंग जवळ येऊन बघ. सळ्या तपासतो ना? हे बी तपास."

नमन त्यांच्या शेजारी गुडघे टेकून बसला. गेला तासभर दोघं त्याच जागेकडे बघत आहेत. अधूनमधून त्या नमनला काहीतरी विचारतात, तो हळू आवाजात उत्तर देतो. मध्ये मला 'पगार' आणि 'दुकान' असे दोन शब्द ऐकू आले. आयुषी कठड्याला टेकून नखं खाते आहे. बँडवाले खाली आमच्याच खर्चाने चहा पिऊन राहिले आहेत. ऑफिसातून फोन आला, की पान कधी देणार. मी त्यांना सांगितलं, की इथे घडामोड सुरू आहे.

बुडाशी एक थेंब जमला आहे. तो घाम आहे की गळती, यावर गच्चीवर दोन तट पडले आहेत. मघाशी इचरजबाईंनी पदर सावरला आणि हात पुढे करून तळहात त्या थेंबाखाली धरला. पुरावा म्हणून धरला, की थेंब जमिनीपर्यंत पोचू नये म्हणून, हे विचारायची आमच्यापैकी कोणाची हिंमत झालेली नाही. मी जवळ जाऊ लागलो, तर तृप्तीने मला श्वास हळू घ्यायला सांगून मागे ओढलं.

हे वृत्त लिहीपर्यंत थेंब पडलेला नव्हता.