विश्रांतीची धावपळ

अप्पाराव कौसडीकर सरांनी आठवी 'ब'ची हजेरी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिलंच नाव निघालं गणपत सटवाजी. मागच्या बाकावरून गणपतच्या नातवानं "हजर सर!" अशी आरोळी ठोकली. पुढचं नाव त्याच्या आजीचं होतं, तीही हजर निघाली. दोन वर्षांपूर्वी वारलेले एक चुलतेसुद्धा कुणीतरी हजर करून टाकले. सरांना कशाचंच काही वाटलं नाही. ते एकेका नावापुढे खूण करीत शांतपणे पुढे सरकत होते. मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले, तेव्हा कुठे उलगडा झाला की सरांच्या हातात हजेरीपट नसून पूर्णा गावाची मतदारयादी आहे.

चौऱ्याऐंशी साल होतं आणि मतदारयाद्यांचं काम सरांकडे होतं. अल्पबचत सरांकडे होती, वृक्षारोपण सरांकडे होतं, स्नेहसंमेलनाचा पडदासुद्धा सरांकडेच होता. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब रस्त्यात भेटले की म्हणायचे, "अप्पाराव, तेवढं बघून टाका." त्यावर सर म्हणायचे, "होय साहेब." आबासाहेबांच्या नातवाच्या बारशाचा मांडवही त्यांनी असाच बघून टाकला होता. 'नाही' हा शब्द त्यांना ठाऊक होता, पण तो ते फक्त शुद्धलेखनात घालायचे.

त्या दिवशी कार्यालयात बसवून त्यांना पाणी दिलं, तर ते पाणी पिऊन रडायला लागले आणि थांबेचनात. कानात शाळेची घंटा वाजते आहे, एवढंच ते सांगत होते. डॉक्टरांनी नाडी पाहिली. "शरीराला काही झालेलं नाही. माणूस पार वापरून झालाय," ते म्हणाले. "तीन महिने काही करू देऊ नका. परत असं झालं, तर नोकरीचं विसरा." हे ऐकून सरांच्या पत्नी सुमंगलाबाईंनी तिथंच त्यांचा रजेचा अर्ज लिहून घेतला. नवऱ्याला त्यांनी दमलेलं रोज पाहिलं होतं, रडताना कधीच नाही.

सरांची थोरली बहीण कस्तुराबाई ताडकळसला असायची. तिनं भावाची खाट शेतातल्या लिंबाखाली टाकली. सर विहिरीकडे वळले की ती ओरडायची, "आप्पा, पड तिथंच. पानी वडायला गडी हाय." सर शेंगा निवडायला बसले की ती सूप काढून घ्यायची. पहिले काही दिवस सरांना अपराध्यासारखं वाटलं. मग हळूहळू झोप लागू लागली, भूक लागू लागली, आणि एका दुपारी त्यांच्या ध्यानात आलं की कानातली घंटा थांबली आहे. त्यांना इतका आनंद झाला की तो एकट्यानं सोसवेना. हे सगळ्या दमलेल्या लोकांना सांगितलंच पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यातूनच 'जरा टेकू या' हे छोटेखानी पुस्तक जन्माला आलं.

आणखीही एक कारण होतं. पूर्णेला परतल्यावर गावात त्यांना 'मतदार सर' म्हणू लागले होते. बाजारात निघाले की कुठल्या तरी गल्लीतून पोरं ओरडायची, "हजर!" हे नाव पुसून टाकायचं, तर काहीतरी मोठं करायला हवं होतं.

"लिहा की," सुमंगलाबाई म्हणाल्या. "पण घंटा वाजली तर मला सांगायचं. लपवायचं नाही."

"नाही लपवणार," सर म्हणाले.

स्टेशनाजवळ पंडितचा छापखाना होता. तिथे लिंबाजी शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा उचलून मजकूर जुळवायचा. वैशाखातल्या एका रविवारी शाळेच्या सभागृहात, आबासाहेबांच्या हस्ते प्रकाशन ठरलं. हातात महिनाभर होता. काळजीचं काही कारण नव्हतं. फक्त एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. लग्नपत्रिका जुळवताना लिंबाजी काही वाचत नसे, कारण सगळ्या पत्रिकांत तेच असे. हे पुस्तक मात्र तो वाचू लागला.

पहिलं प्रकरण होतं 'दिवस मावळला की काम सोडा'. ते जुळवून झालं त्या दिवसापासून लिंबाजी दिवस मावळला की जागच्या जागी खिळे ठेवून घरी जाऊ लागला. दुसरं प्रकरण होतं 'दुपारी जरा टेका'. ते झाल्यावर तो जेवून कागदाच्या रिमांवर आडवा होऊ लागला. सर चकरा मारून बेजार झाले.

"लिंबाजी, अरे, असं केल्यावर पुस्तक कधी व्हायचं?"

"सर, तुमीच लिवलंय की," लिंबाजी म्हणाला. "लय बेस लिवलंय. माजी कंबर वीस वर्सात पयल्यांदा सरळ झाली. घरची बी खूस हाय."

तिसरं प्रकरण 'नाही म्हणायला शिका' हे होतं. त्याची तपासणी खुद्द पंडितनं केली आणि पाठोपाठ पुस्तकं शिवून द्यायला तो चक्क नाही म्हणाला. "लगनसराई हाय सर. आमाला बी जीव हाय. तुमी दुसऱ्या कुनाला बघा."

दुसरं कोण असणार? सरांनी छापलेले कागद घरी आणले. ते घड्या घालू लागले, शिवू लागले. व्यासपीठ, सतरंज्या, शाल, नारळ, चहा, प्रास्ताविक, सगळं त्यांच्याच गळ्यात पडलं. "अप्पाराव, माझं भाषणबी लिहून ठिवा. तेवढं बघून टाका," आबासाहेबांचा निरोप आला. सर म्हणाले, "होय." विश्रांतीवरचं भाषण लिहिता लिहिता त्यांच्या कानात बारीकशी घंटा वाजली. सुमंगलाबाई समोरच दोरा ओवत बसल्या होत्या. सरांनी ती गोष्ट लपवली.

शनिवारी शिवलेली पुस्तकं कडा कापायला छापखान्यात गेली. लिंबाजीनं कडा कापल्या आणि दोन गठ्ठे बांधले, एक पुस्तकांचा आणि एक चुडाव्याच्या बन्सीधरच्या मुलीच्या लग्नपत्रिकांचा. दोन्ही एकाच मापाचे, एकाच रद्दीत गुंडाळलेले. आता फक्त नावाच्या चिठ्ठ्या डकवायच्या होत्या. लिंबाजीनं खळीत बोट बुडवलं, आणि तेवढ्यात दिवस मावळला. त्यानं बोट पुसलं आणि तो घरी गेला.

रविवारी दुपारी सर धापा टाकत छापखान्यात आले, मागोमाग सुमंगलाबाई. बन्सीधर आदल्या संध्याकाळीच आपला गठ्ठा घेऊन गेला होता. राहिलेला गठ्ठा पंडितनं सरांच्या हातात दिला.

"अहो, उघडून तरी बघा," सुमंगलाबाई म्हणाल्या.

"व्यासपीठावर उघडायचा असतो तो. आणि वेळ कुठाय?" असं म्हणत सरांनी त्यावर लाल फीत बांधली.

सभागृह भरलं होतं. आबासाहेबांनी विश्रांतीचं महत्त्व सांगणारं भाषण अडखळत वाचलं, फीत सोडली, रद्दी फाडली आणि वरची प्रत उंच धरली. टाळ्या कडाडल्या. मग छापलेलं दिसलं की वाचायचं या सवयीनं त्यांनी मोठ्यानं वाचलं, "आमचे येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. अंबिका..."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "हजर!" आणि सभागृह हसून हसून लोळायला लागलं. सरांच्या कानात घंटा ठणाणा वाजू लागली. महिनाभराचं रक्त आटवून मिळालं काय, तर जुनंच नाव, तेही पुन्हा सगळ्या गावासमोर. सुमंगलाबाई पहिल्या रांगेतून उठल्या.

एवढ्यात दारातून घामाघूम झालेला बन्सीधर आत आला. त्याच्या हातात 'जरा टेकू या' होतं आणि त्याच्या चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लागलेलं होतं.

"कोनतं गुरुजी ह्ये? पुस्तकवाले?" त्यानं विचारलं. "मला वाचाया येत न्हाई. यंदा पत्रिका जाड निघाल्या म्हनलं. कुंकू लावलं, एक देवापुढं ठिवली, बाकी समद्या रातीच घरोघर वाटल्या. लगनाला या म्हनून तोंडानं सांगितलं."

"वाटल्या?" सरांनी विचारलं.

"समद्या! व्याह्याकडं बी दिली."

आता हा माणूस भांडणार, असं सगळ्यांना वाटलं. बन्सीधरनं मात्र टोपी काढून घाम पुसला.

"गुरुजी, आमची कारभारीन बायनाबाई महिनाभर कुरडया-पापडात गुतली होती. रातीला झोप न्हाई, दिसा रडायलीय. आज सकाळी अंबिकानं ह्ये वाचून दावलं. दुसऱ्या धड्याला बायनाबाई तिथंच पाय पसरून झोपली. आनी वाचलेल्या बाया आपून होऊन आल्या, काम वाटून घेतलं. व्याह्याचा निरोप आलाय, मानपान कमी करू, आपुन बी टेकू. गुरुजी, पत्रिका ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. लगनाला आनखी पुस्तकं पायजेत. बुधवारपस्तोर व्हतील का?"

सभागृहात कुणी हसलं नाही. बन्सीधरच्या हातातल्या पुस्तकाकडे सगळे वाकून बघू लागले. "मला बी एक," बायकांच्या रांगेतून आवाज आला. सरांचे डोळे भरून आले, आणि या खेपेला त्यांनी आसवं मुद्दाम थांबवली नाहीत.

आबासाहेब तर फुलूनच गेले. "झकास! आपल्या शाळेचं नाव झालं. अप्पाराव, बुधवारपर्यंत तेवढं बघून टाका."

सरांनी सवयीनं तोंड उघडलं. समोर सुमंगलाबाई उभ्या होत्या. त्या सरांकडेच बघत राहिल्या. शेवटच्या रांगेत लिंबाजीही मान पुढे काढून बघत होता.

"नाही," सर म्हणाले.

आबासाहेबांनी कान पुढे केला. "काय म्हनलात?"

"नाही, साहेब. पुस्तकं लिंबाजीच्या सवडीनं निघतील. घड्या घालायला ज्यांना पुस्तक हवंय त्यांनी यावं. मी दमलोय. सुमंगला, मघापासून घंटा वाजायलीय. मी तुला सांगितलं नव्हतं."

घड्या घालायला कोण येणार, असं पंडितनं विचारलं, तेव्हा निम्म्या सभागृहानं हात वर केले. बन्सीधरनंही केला. आबासाहेबांनी इकडे तिकडे पाहिलं आणि अर्धा हात वर केला.

सुमंगलाबाई व्यासपीठावर गेल्या आणि त्यांनी सरांना खुर्चीत बसवलं. समोर आभार सुरू झाले. नावं एकेक वाचली जात होती. थोड्या वेळानं त्या वाकून हळूच म्हणाल्या, "अजून वाजायलीय का हो?"

उत्तर आलं नाही. आभाराच्या यादीत अप्पाराव कौसडीकर हे नाव आलं, तेव्हा सुमंगलाबाईंनीच हळू आवाजात "हजर" म्हटलं आणि सगळ्यांना खुणेनं सांगितलं, टाळ्या वाजवू नका, सर झोपलेत.